आमच्या चौकीचे साहेब आणि मॅडम

विक्रोळीला आमची वस्ती टेकडीच्या पायथ्यापासून वर चढत गेलेली. वडील बुलढाण्याकडून आले, कारखान्यात हमाली केली. मी पालिकेत पाण्याच्या चौकीवर चावीवाला म्हणून लागलो. चावी म्हणजे खांद्याला लागेल एवढी लोखंडी सळई, वर धरायला आडवा दांडा. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, सळई आत सोडून फिरवायची, की खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि त्या गल्लीला पाणी जातं. टेकडीवर अकरा गल्ल्या. सगळ्यांना एकदम पाणी द्यायला पाइपात जोर नव्हता, म्हणून एकीचं बंद करून दुसरीचं उघडायचं. सकाळी साडेपाचपासून दुपारपर्यंत मी आणि माझा जोडीदार हेच करत चढायचो, उतरायचो. जोडीदार मालवणचा. वयाने माझ्याएवढाच, तोंडाने माझ्या दुप्पट.

चौकीवर आमचा वरिष्ठ म्हणजे ज्युनियर इंजिनियर. माझ्या नोकरीत असे बरेच आले आणि गेले. त्यातल्या दोघांनी मात्र माझ्या डोक्यात एक भांडण लावून दिलं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

पहिले साहेब. पोट सुटलेलं, पायात चपला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि स्कूटरला कायम एक हेल्मेट लटकवलेलं, जे त्यांनी घातलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांचा मोबाइल नंबर वस्तीत सगळ्यांकडे होता. कुणाच्या नळाला धार बारीक आली की फोन थेट साहेबांना. साहेब लगेच मला लावणार, "पाचव्या गल्लीत दहा मिनिटं जास्त दे रे. त्या मावशीकडे पाहुणे आलेत." मी देणार. आठ वाजता ते स्वतः चक्कर मारायचे. दारादारात थांबायचे, कुणाच्या पोराचा निकाल विचारायचे, कुणाकडे पोहे, कुणाकडे चहा. लोक म्हणायचे, माणूस असावा तर असा.

आणि होताच तसा. एकदा पाणी दोन दिवस कमी आलं, तेव्हा सातव्या गल्लीतल्या लोकांनी मला घेरलं. एकाने चावी हिसकावली, दुसऱ्याने कॉलर धरली. जोडीदाराने साहेबांना फोन केला. दहा मिनिटांत स्कूटर आली. साहेब थेट चेंबरच्या झाकणावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हा माझ्या सांगण्यावरून पाणी सोडतो. मारायचंय ना? मला मारा. पण आधी मला पाणी पाजा, ऊन फार आहे." आतून एका बाईने तांब्या आणला. ज्याने कॉलर धरली होती तोच हसायला लागला.

माझी बायको बाळंतपणात अडली, तेव्हा मी तीन दिवस हॉस्पिटलात होतो. माझी रजा संपलेली. त्या तीन दिवसांत साहेबांनी स्वतः चावी फिरवली. कंबर धरून उतरायचे म्हणे. मला हे जोडीदाराकडून कळलं. साहेबांनी शेवटपर्यंत त्याचा उल्लेख केला नाही. अशा माणसासाठी मी आगीत उडी मारली असती.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा दिसत नव्हती. टेकडीच्या डोक्यावर अकरावी गल्ली होती. तिथे नळ होते, पाणी चढत नसे. "उंची फार आहे," असं आम्ही सगळे म्हणायचो, आणि ते म्हणता म्हणता आम्हाला खरंही वाटायला लागलं होतं. तिथल्या बाया हंडे घेऊन सहाव्या गल्लीपर्यंत खाली यायच्या. साहेब आठला चक्कर मारायचे तेव्हा त्या खाली रांगेत असायच्या. वर दारं बंद. त्यामुळे साहेबांना अकराव्या गल्लीत कधी कुणी भेटलंच नाही, आणि तिथून फोनही आला नाही. आपल्याला पाणी मिळेल, असं ज्यांना वाटतं तेच फोन करतात.

मग साहेबांची बदली झाली. वस्तीने त्यांना ढोल वाजवत खाली आणलं. गळ्यात इतके हार की मान दिसेना. साहेब रडले, मी पण रडलो.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. तिशीच्या, काटकुळ्या, बोलण्यात मराठवाड्याचा हेल. मला आणि जोडीदाराला 'तुम्ही' म्हणाल्या. इतकी वर्षं वरिष्ठांकडून 'अरे-तुरे' ऐकलेल्या आम्हाला ते परकं वाटलं. जोडीदार माझ्या कानाशी लागला, "ह्या काय खरा नाय. बाई तुमी-तुमी करता, म्हणजे कायतरी बिघडतला."

पहिला आठवडा त्या आमच्यामागे नुसत्या फिरल्या. प्रत्येक चेंबरपाशी वही काढायच्या.

"किती फेरे फिरवता?"

"अंदाजाने, मॅडम."

"मोजा."

मोजले. कुठे चौदा, कुठे वीस. त्या लिहून घ्यायच्या. कुणी चहा विचारला तर "नको" म्हणायच्या, पुढे कारण सांगायच्या नाहीत. लोकांना ते लागायचं. आठवडा संपला आणि त्यांनी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर रंगाने वेळ लिहून घेतली, सुरू आणि बंद. अकराव्या गल्लीसाठी दुपारी तीन चाळीस ते चार वीस. त्या वेळात बाकीच्या दहाही गल्ल्या पूर्ण बंद, म्हणजे सगळा जोर वर. तक्रार असेल तर चौकीवर येऊन वहीत लिहायची. फोन नंबर कुणालाच नाही.

"एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही," त्या आम्हाला म्हणाल्या. "कुणीही सांगितलं तरी. मी सांगितलं तरी."

वस्तीत त्यांचं नाव पडलं दगड.

पहिल्या दिवशी तीन चाळीसला मी वरची चावी फिरवली आणि मॅडमबरोबर गल्लीत गेलो. बाया दारात उभ्या होत्या, पण हंडा एकीनेही काढला नव्हता. एका घराच्या नळावर ओला टॉवेल वाळत घातलेला. मॅडमनी तो बाजूला केला आणि तोटी उघडली. आधी नुसती हवा फुसफुसली. मग गंजाचं लाल पाणी. मग पुन्हा हवा. मला वाटलं, झालं, उंची फार आहे. तेवढ्यात धार लागली, करंगळीएवढी, पण सलग. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाया आत धावल्या आणि मिळेल ते भांडं घेऊन आल्या. एक धुणीभांडी करणारी बाई तेवढी मॅडमसमोर थांबली.

"उद्या पण येणार?"

"उद्या पण. तीन चाळीसला."

"आणि परवा?"

"भिंतीवर लिहिलंय ना," मॅडम म्हणाल्या आणि चालू पडल्या. मला वाटलं, अहो, दोन शब्द गोड बोला की! साहेब असते तर त्या बाईच्या घरी चहा झाला असता.

दोन महिन्यांनी चौथ्या गल्लीत एक म्हातारे वारले. दुपारचे पावणेचार झालेले. आंघोळ घालायची होती, घरात पाणी नव्हतं. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला आणि हात जोडून उभा राहिला. मी कुणाला न विचारता चौथीचं पाणी वीस मिनिटं सोडलं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात मेमो. एवढ्या नोकरीतला पहिला. मी तो कागद घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"मयत होतं, मॅडम. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

त्यांनी वर बघितलं. "काल अकराव्या गल्लीत पाणी चढलं नाही. तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मी बघायलाच गेलो नव्हतो.

"तिथे एका बाईने रजा टाकली होती, पाणी भरायला. भिंतीवर वेळ लिहिली होती म्हणून." त्यांनी वही मिटली. "मयतासाठी मी टँकर पाठवला असता. मला फोन का नाही केलात?"

"तुमचा नंबर कुठे आहे आमच्याकडे?"

त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळल्यासारखं काहीतरी आलं. दुपारी चौकीच्या आतल्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला, त्यांचा नंबर, फक्त आमच्यासाठी. मेमो मात्र त्यांनी मागे घेतला नाही. मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

मग उन्हाळ्यात खालच्या रस्त्यावर खोदकाम चालू असताना मुख्य पाइप फुटला. चार दिवस पाणी बंद. वेळापत्रक भिंतीवर, आणि नळ कोरडे. तिसऱ्या दिवशी दोनेकशे माणसं चौकीवर आली. मॅडम बाहेर आल्या आणि दुरुस्ती कुठपर्यंत आली आहे ते कागदावरून वाचायला लागल्या. त्या वाचत होत्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक लोक जास्त भडकत होते. कुणीतरी खिडकीवर डबा मारला. मॅडमचा आवाज बारीक झाला, पण त्या वाचत राहिल्या. त्या दिवशी मला त्यांची पहिल्यांदा दया आली.

जोडीदार म्हणाला, "साहेबांका फोन लाव."

मी मॅडमना विचारलं. मला वाटलं, चिडतील. कागदाची घडी घालत त्या म्हणाल्या, "लावा. बोलावून घ्या."

साहेब तेव्हा मुलुंडच्या बाजूला होते. त्यांची सुट्टी होती, तरी तासाभरात आले. हेल्मेट तसंच लटकलेलं. गर्दीत शिरले, याला मिठी, त्याला "काय रे, वाळलास!" पाच मिनिटांत आरडाओरडा थांबला. साहेब म्हणाले, "टँकर येतोय. सगळ्यांना मिळणार. माझा शब्द."

मॅडमकडे टँकरची यादी तयार होती. पहिला टँकर सगळ्यात वर, कारण वरच्यांना खाली येऊन भरायलाही कुठे काही उरलं नव्हतं. साहेबांनी यादी पाहिली आणि डोकं हलवलं. "मॅडम, टँकर खालूनच वर जाणार ना? खालचे सोडतील का?"

"तुम्ही सांगितलंत तर सोडतील," मॅडम म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता.

साहेब तिसऱ्या गल्लीच्या वळणावर उभे राहिले. टँकर आला. साहेबांनी हात वर केला, "वरच्यांना आधी जाऊ दे रे, माझं ऐका." त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं धावली आणि टँकरवर चढली. पाइप ओढले गेले. साहेबांच्या चपलेचा अंगठा तुटला. ज्या मावशीकडे पाहुणे आले म्हणून आम्ही दहा मिनिटं जास्त द्यायचो, ती सगळ्यांत पुढे होती. टँकर तिथेच रिकामा झाला.

साहेब चौकीवर येऊन बसले. चहा तसाच गार झाला. "मला ओळखलंच नाही रे कुणी," एवढंच म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी दुसरा टँकर यायच्या आधी अकराव्या गल्लीतल्या तीस-चाळीस बाया खाली उतरून त्या वळणावर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रजा वाया गेली होती ती बाई पुढे होती, आणि तिने चौकीच्या दारावर लावलेली यादी मोबाइलवर फोटो काढून आणली होती. ती मोठ्याने वाचायला लागली. "पहिला टँकर, अकरावी गल्ली. लिहिलंय. काल तुम्ही घेतला, आम्ही बोललो नाही. आज आमचा."

खालच्यांपैकी एक जण म्हणाला, "तू कोण गं सांगणारी?"

"मी कोणी नाय. लिहिलंय ते वाचते."

साहेब तिथेच होते, सुतळीने बांधलेली चप्पल घालून. ते खालच्या माणसांपाशी गेले, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून हळू बोलत राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. वाट मोकळी झाली. टँकर वर गेला. मॅडम टँकरच्या मागून चालत चढल्या.

संध्याकाळी पाइप जोडला गेला. साहेब निघताना मॅडमना म्हणाले, "मी इथे एवढी वर्षं होतो. त्या वरच्या बायांना मी आज पहिल्यांदा पाहिलं." मॅडमनी खाली त्यांच्या पायाकडे पाहिलं. "तुमची चप्पल," त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावर चांभार बसतो." साहेब हसत सुटले.

पुढच्या वर्षी मॅडमची गोवंडीकडे बदली झाली. ढोल नाही, हार नाही. फायलींचा खोका मी आणि जोडीदाराने रिक्षात ठेवला. बसता बसता त्या मला म्हणाल्या, "लोकांशी बोलायला मला नाही जमलं."

"त्यात काय मॅडम, नुसतं बोलायचं."

"तुम्हाला सोपं वाटतं," त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं. इतके दिवस मी त्यांना कोरडी बाई समजत होतो. त्यांना ते जमत नाही आणि आपल्याला जमत नाही हे त्या जाणून आहेत, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

नंतरचे इंजिनियर ढिले निघाले. त्यांनी आल्या आल्या वेळा हलवायला घेतल्या. आठवड्याभरात अकराव्या गल्लीतल्या बाया चौकीवर हजर, वहीत तक्रार, खाली चाळीस सह्या-अंगठे. वेळ परत जागेवर आली. त्या बाया मॅडमची आठवण काढतात का? क्वचित. त्यांचं नाव विचाराल तर निम्म्या जणींना सांगता येणार नाही.

साहेब आता निवृत्त आहेत, मुलुंडला राहतात. मी वर्षातून दोनदा तरी जातो. मागच्या वेळी आम्ही दोघांनी दुपारभर या सगळ्याचा काथ्याकूट केला. साहेब म्हणाले, "ती बाई माझ्यापेक्षा चांगली इंजिनियर." मी म्हटलं, "पण हॉस्पिटलात होतो तेव्हा तुम्ही चावी फिरवलीत. त्यांनी फिरवली असती का?"

"तिने दुसरा माणूस लावला असता," ते म्हणाले, "आणि तुझी रजा नीट मंजूर करून घेतली असती. तेही काही वाईट नाही."

खरं आहे. तरी मला विचाराल तर माझा जीव साहेबांकडे ओढ घेतो, त्याला इलाज नाही. पण माझी बहीण अकराव्या गल्लीत दिली असती, तर मी कुणाच्या बाजूने बोललो असतो तेही मला पक्कं ठाऊक आहे.