महालातलं सीतेचं लग्न

नागपुरात चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ आहे म्हटल्यावर मी नवऱ्याला विचारलं, येतोस का? त्याची मॅच होती. मग सासूबाईंना विचारलं, तर त्या चक्क हो म्हणाल्या. लग्न झाल्यापासून आम्ही दोघीच अशा कुठे गेलो नव्हतो, त्यामुळे मला जरा धाकधूकच होती.

वर्ध्याहून दुपारची गाडी पकडली की संध्याकाळच्या खेळाला आरामात पोचता येतं. खेळाला तिकीट नसतं. स्टेशनवरून महाल भागात ऑटोनेच जा. स्वतःची गाडी नेलीत तर त्या गल्ल्यांत पार्किंग शोधण्यातच खेळ संपेल. वाटेत तर्री-पोहे खाल्ले. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी, सासूबाई ढिम्म.

तिथल्या एका देवळाच्या सभामंडपात पांढरा पडदा, मागे दिवा आणि सिंधुदुर्गातून आलेले कलाकार बाप-लेक.

"चामड्याचे देव देवळात कसे काय चालते वं?" सासूबाई कुजबुजल्या. तेवढ्यात पडद्यावर गणपतीची सावली डुलत आली आणि त्यांचे हात आपोआप जुळले.

मग सीतास्वयंवर. काय ते कसब! चामड्याला पाडलेल्या बारीक भोकांतून उजेड यायचा आणि सीतेचे दागिने लखलखायचे. धनुष्य उचलायला आलेला रावण त्याच्याचखाली चेंगरला, तेव्हा अख्खा मंडप खिदळला. मी तर खुळीच झाले.

रामाने धनुष्य मोडलं आणि खेळ ठेवणाऱ्या मंडळाचा एक कार्यकर्ता माइकवर आला. यानंतर ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. "टाइम झाला, खेळ इथंच थांबवून राहिलो."

सासूबाई ताडकन उठल्या. "काहून गा? पोरगी मांडवात उभी हाये अन् तू लोकायले घरी धाडून राहिला? लगन लागल्याबिगर मी नाही हालत!"

"आमीबी नाही!" मागून बायका ओरडल्या.

त्याने रागाने माइक बंद केला. पडद्यावरच्या सावल्या थांबल्या. मला वाटलं, संपलं. मग सासूबाईंनीच मंगलाष्टक सुरू केलं, बेसूर पण खणखणीत. सीतेची सावली माळ घेऊन हळूच पुढे सरकली. पुजाऱ्याने अक्षता वाटल्या. त्या संपल्यावर कुणीतरी पुडीतले मुरमुरे उधळले. लग्न लागलं, तेव्हा तो कार्यकर्तासुद्धा टाळ्या वाजवत होता.

ही करमणूक होती की पूजा, ते मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "दोन पोरांचे लगनं केले वं मी, पोरगी नाही मले. पण पोरगी दुसऱ्याच्या घरी धाडताना मायले कसं वाटते, ते मले काल समजलं."

मी कप खाली ठेवला.

"तुह्या मायले फोन लाव," त्या म्हणाल्या. "मले बोलाचं हाये तिच्याशी."