रोमेकचा घोडेस्वार पुसला गेला तेव्हा

बोगुशा माझ्या समोरच्या घरात राहते. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं मोठमोठी पातेली उचललेली बाई. तिचा नवरा रोमेक ट्रकच्या कारखान्यात फिटर होता. तो निवृत्त झाला तेव्हा ओस्लोतल्या मुलीने, किंगाने, त्याला टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र पाठवलं. त्यातल्या एका खेळात तो बुडालाच. राक्षस, पडके किल्ले, मैलोन्‌मैल जंगलं. कुठेही जा, कुणाशीही लढा. तीन वर्षं खपून त्याने एक घोडेस्वार वाढवला. बोगुशा चिडवायची, "माझ्यापेक्षा त्या घोड्याची काळजी जास्त घेतोस."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिने आतून हाक मारली, "रोमेक, सूप निवतंय!" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग रागारागाने एकटीच जेवली, भांडी घासली आणि बाहेर आली, तर तो खुर्चीतून कलंडलेला, तोंड वाकडं. पडद्यावर घोडेस्वार एका कड्यावर उभा होता, झगा वाऱ्यावर हलत होता. किती वेळ झाला, असं डॉक्टरांनी विचारलं. पाच मिनिटं, ती म्हणाली. खरी पंचवीस झाली होती. हे तिने फक्त मला सांगितलं.

अर्धांगाच्या झटक्यात रोमेकचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, "नाही." सूप देऊ? नाही. खिडकी उघडू? नाही. व्यायाम शिकवणाऱ्या इस्पितळात त्याला हलवलं, तिथे तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. "बाई, त्यांच्या आवडीचं काहीतरी दाखवा," तिथली नर्स म्हणाली.

बोगुशाला त्याची आवड एकच ठाऊक होती. घोडेस्वाराचा फोटो काढून न्यावा म्हणून घरी येऊन तिने यंत्र लावलं. चष्मा आत राहिला होता. पडद्यावर काहीतरी विचारलं, तिने हो दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. आणि थडग्यातून एक फाटका, अनवाणी माणूस उठून बसला.

ती माझं दार बडवत आली. "लुडविका, बघ गं, हा कोण? आमचा कुठे गेला?"

मी वाचून पाहिलं. तिने नवा खेळ सुरू केला होता, जुन्याच्या जागी. किंगाला फोन लावला. "आई, ते आता परत येत नाही," ती म्हणाली.

बोगुशा तशीच जमिनीवर बसली. "आधी त्याला पडू दिलं, आता हे."

"अगं, तो जिवंत आहे."

"हे त्याला जाऊन सांग."

रोमेक पाच आठवड्यांनी घरी येणार होता. तोवर या नव्या माणसाचा घोडेस्वार करून त्याला त्या कड्यावर नेऊन उभं करायचं, असं तिने ठरवलं. मी नवख्यांसाठी लिहिलेल्या सूचना शोधून काढल्या आणि रोज सकाळी तिच्या शेजारी बसून मोबाइलवरून वाचू लागले. पहिल्या दोन दिवसांत वेशीपाशीच ती चाळीस वेळा मेली.

"वेशीतल्या चिलखतवाल्याच्या नादी लागू नका," मी वाचलं.

"मग त्याला तिथे उभा कशाला केलाय?"

"बाजूने निघून जा म्हणतात."

"पळून? रोमेक पळाला असेल?"

"सुरुवातीला सगळेच पळतात, असं लिहिलंय."

तलवारीआधी जीव वाढवा. दिसेल ती वनस्पती तोडून घ्या. घाबरून बटणं बडवू नका. वार येऊ द्या, मग बाजूला लोळा. मेलात तर कमाई तिथेच पडलेली असते, परत जाऊन उचला, पण घाई करू नका.

"घाई करू नका म्हणे!" ती ओरडली. "पाच आठवडे आहेत माझ्याकडे!"

तिचे अंगठे सुजले. त्यांना कोबीची पानं बांधून ती खेळायची. आठवड्यातून तीनदा बसने इस्पितळात जायची आणि संध्याकाळी परत आली की जिन्यातच मला सांगायची, "आज अकरा वेळा नाही म्हणाला."

एप्रिलअखेरीस त्याला घरी आणलं. रोमेकचा घोडेस्वार ताकदीच्या नव्वदाव्या पायरीच्या पुढे होता, हिचा एकोणिसाव्या. घोडा मिळाला होता, पण कडा काही सापडला नव्हता. तरी तिने पडदा लावला. रोमेकने पाहिलं. त्याला एका नजरेत कळलं.

"नाही," तो म्हणाला. मग डावा हात पलंगावर आपटत, "नाही, नाही, नाही!"

बोगुशाने तिथेच सगळं सांगून टाकलं. चष्म्याचं, आणि त्या पंचवीस मिनिटांचंही. मी दारात उभी होते, मला तिथून हलता येईना. त्याने डोळे मिटून घेतले.

चार दिवस त्याने चमच्यासाठी तोंड उघडलं नाही. ती विनवण्या करायची, रडायची, "मला मार, पण खा रे." डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत वाट बघू, मग नळी घालावी लागेल. पाचव्या दिवशी सकाळी तिला काही सुचेना, म्हणून ती पडद्यासमोर जाऊन बसली. पुलावर एक राक्षस होता. त्याने तिला चिरडलं. पुन्हा गेली, पुन्हा चिरडलं. सातव्या खेपेला मागून आवाज आला, "नाही!"

ती वळली. रोमेकचं डावं बोट पुलाच्या खाली दाखवत होतं. ती खाली उतरली. पाण्यातून एक अरुंद वाट पलीकडे जात होती.

त्या दिवशी त्याने अर्धी वाटी सूप घेतलं.

आता ऑक्टोबर आहे. वाचा येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. रोज दहा ते बारा ती खेळते आणि तो बोटाने वाट दाखवतो, चुकली की तिच्या मनगटावर फटका मारतो. त्याने तिला माफ केलं की नाही, हे तिलाही माहीत नाही.

परवा ती बाहेर येऊन माझ्यापाशी पायरीवर बसली. "मला हा खेळ आवडत नाही गं. कधीच आवडला नाही. नुसतं मरत राहायचं."

"मग बंद कर."

"बंद केला की तो भिंतीकडे वळतो."

आतून पलंगाच्या कठड्यावर थाप पडली. "आले, आले," म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठली.