आपाच्या हातातला पट्टा

कुरखेड्याहून धानोऱ्याकडे जाताना लागणाऱ्या नदीवर आता पूल आहे. माझी आजची गाडी मोठी, बंद काचांची, आत थंडगार. पुलावरून ती कधी पलीकडे गेली तेही कळत नाही. सोय झाली, हे मी नाकारत नाही. पण पूल आला की आमची जीप आठवते आणि मग दिवसभर माझं कशातच मन लागत नाही.

जीप अब्बांची. सरकारी लिलावात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, वर ताडपत्री. नव्वदच्या दशकात ते तिच्यातून जंगलातल्या गावांना माणसं पोचवायचे. वाटेत कुणी हात दाखवला आणि जीप थांबली नाही, असं कधी झालं नाही. आत जागा नसली तर बोनेट होतंच.

नदीला मांडीभर पाणी असलं की अब्बांची एक रीत होती. काठावर थांबायचं, बोनेट उघडायचं आणि इंजिनाच्या पंख्याचा पट्टा काढून घ्यायचा. पंखा फिरत राहिला तर तो पाणी उडवून इंजिन बंद पाडतो. पार गेलं की पट्टा पुन्हा चढवायचा, नाहीतर इंजिन तापून बसतं. पट्टा सांभाळायचं काम माझ्या मोठ्या बहिणीचं, आपाचं. सुट्टीच्या दिवशी ती अब्बांशेजारच्या सीटवर बसायची, पट्टा खांद्यात अडकवायची आणि पलीकडे चाकं कोरड्या रेतीला लागली की तो काढून पुढं करायची. मी मागून मागून थकलो. "तू हरवशीन," अब्बा म्हणायचे.

त्यांची एकच हौस होती. आपाला सासरी आपण स्वतः पोचवायचं, ह्याच जीपमधून. साऱ्या गावाला ते सांगून बसले होते.

दोन हजार साल उलटल्यावर आपाचं लग्न ठरलं, धानोऱ्याकडच्या एका गावात. वऱ्हाड आलं ते नवरदेवाच्या मामांच्या गाडीतून. मामा गडचांदूरचे, सिमेंटच्या ठेकेदारीतले. गाडी पांढरी, ऐसपैस, चारही चाकांना जोर असलेली. रुखसतीच्या, म्हणजे पाठवणीच्या वेळी मामा म्हणाले, "भाऊ, पोरगी आमच्या गाडीत येईन. ह्या गाडीले नदी म्हणजे काईच नाई."

अब्बांनी अंगावरची मानाची शाल सावरत जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं हाय. मंग सामान मी घेऊन येतो."

मुलीच्या बापानं सासरपर्यंत जायची आमच्यात रीत नाही. सामान न्यायला दुसरं कुणीही मिळालं असतं, पण कुणी त्यांना अडवलं नाही. पलंग, संदूक आणि भांड्यांच्या गर्दीत मी मागं बसलो. शेजारची सीट मात्र अब्बांनी रिकामी ठेवली. तिथं एक भांडंही ठेवू दिलं नाही.

अवकाळी पावसानं नदी भरली होती. मोठी गाडी काठावर थांबलीसुद्धा नाही. पाणी कापत सरळ गेली आणि पलीकडच्या सागांत दिसेनाशी झाली. "गाडी दमदार हाय," अब्बा म्हणाले. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मग त्यांनी रीतीप्रमाणे पट्टा काढला आणि आम्हीही सुखरूप पार झालो.

थोडं पुढं गेलो आणि बोनेटमधून वाफा निघू लागल्या. जीप बंद पडली. अब्बांनी उतरून बोनेट उघडलं आणि तसेच उभे राहिले. पट्टा चढवायचा राहून गेला होता. त्यांच्या हातून असं पहिल्यांदाच झालं. बरं, पट्टा सापडेना. सीटखाली बघितलं, भांडी उचकली, संदूक हलवून पाहिला.

"नदीतच पडला असन," ते म्हणाले आणि एका सागाखाली बसून रडू लागले. मी नुसता शेजारी बसलो.

तेवढ्यात समोरून मोठी गाडी येताना दिसली, पण पाठमोरी. मागं जीप दिसेना म्हणून आपानं ती थांबवायला लावली होती आणि त्या बैलगाडीच्या वाटेवर एवढ्या रुंद गाडीला वळायला जागाच नव्हती. फुलांच्या माळांसकट बिचारी उलटी उलटी येत राहिली. मान वळवून वळवून मामांचा चेहरा लाल झाला होता.

आपा उतरली. ओढणी सावरत जीपजवळ आली. उघडं बोनेट पाहिलं, अब्बांकडे पाहिलं. मग काही न विचारता तिनं त्यांच्या अंगावरची शाल बाजूला केली. पट्टा त्यांच्याच खांद्यात अडकलेला होता.

द्यायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून तिच्यासारखाच त्यांनी तो खांद्यात अडकवला होता. आणि पलीकडे गेल्यावर काढून पुढं करणारं कुणी नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. अब्बा आधी हसले, मग पुन्हा रडले. आपानं पट्टा काढून घेतला आणि मेंदीच्या हातानं त्यांच्यापुढं धरला.

इंजिन निवल्यावर वऱ्हाडासाठी आणलेल्या पाण्याच्या बाटल्या रेडिएटरमध्ये रिकाम्या झाल्या. पट्टा चढला. मामांनी मोठ्या गाडीचं दार उघडलं. "चला, उशीर होऊन राह्यला," ते म्हणाले.

आपा जाऊन जीपच्या रिकाम्या सीटवर बसली. नवरदेवानं एकदा मामांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं माझ्याशेजारी भांड्यांमध्ये येऊन बसला.

पुढची वाट चांगली होती, रेती नव्हती, चढ नव्हता. तरी सासरचा उंबरा येईपर्यंत अब्बांनी जीप दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.