मुसफ्फाहून मोरीबपर्यंत, मागे बघत

ज्या बाईने नऊ वर्षं ऊन आणि वाळू खात ट्रेलरच्या मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस!" म्हटलं, तिला एका सकाळी कामावरून काढण्यात आलं. नोटीस नाही, ग्रॅच्युइटी नाही, साधा निरोपाचा केकही नाही. तिच्या जागी नेमणूक कोणाची? मुठीएवढ्या कॅमेऱ्याची. दाद मागायला इथे लेबर कोर्ट आहे, पण नवऱ्याविरुद्धचे अर्ज ते घेत नाहीत म्हणे.

आमचा ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. दोन पलंग, शेगडी, बेसिन. अबुधाबीतलं घर भाड्याचं, ही खोली मात्र आमची. जुन्या वाचकांना हत्ताच्या डोंगरातल्या सहलीची पोस्ट आठवत असेल. नवरा मागे घेत असताना ट्रेलर दगडी कठड्यावर आदळला आणि दिवा फुटला. "मी दोन्ही हात हलवत होते, तरी इकबालनी बघूनही रेटला," असं मी लिहिलं होतं. ते म्हणाले, "दिसलीच नाहीस." मी म्हटलं, "एवढी मोठी बाई दिसली नाही?" या वाक्याला तुम्ही सगळ्यात जास्त हसलात. मग मी तो किस्सा दावतींत सांगितला, लग्नांत सांगितला, एकदा तर इफ्तारला. इकबालही हसायचे. पण त्यानंतर चार लोकांसमोर ट्रेलर मागे घ्यायचं ते टाळू लागले. त्यात यंदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, मान वळवू नका. अल ऐनचा एक माणूस ट्रेलर विकत घ्यायला तयारच होता.

"एकदा कॅमेरा लावून बघू," इकबाल म्हणाले. "मोरीबच्या वाळवंटात ट्रेलर नीट लागला तर ठेवू. नाही तर खलास, विकून टाकू."

म्हणून आधी मुसफ्फा. हा गॅरेजांचा इलाका. इथे गाडीचं काहीही मिळतं, सावली सोडून. दुकानदार मल्याळी, त्याची हिंदी माझ्याइतकीच शूर. पहिला कॅमेरा बिनतारी. बसवायला सोपा, पण आमच्या लांब ट्रेलरच्या टोकाहून चित्र अडखळत येत होतं. दुसऱ्यात अख्खी गल्ली मावत होती, पण हाताएवढ्या अंतरावरचा खांब शारजाला असल्यासारखा दिसत होता. तिसऱ्यात समोरच्या दुकानाची पाटी सुरेख वाचता येत होती.

"हाच घ्या," मी म्हटलं.

"दीदी, ये बोर्ड पढ़ने को नहीं, गाड़ी लगाने को है," दुकानदार म्हणाला. "रिव्हर्स में शीशे जैसा उल्टा दिखना चाहिए. नहीं तो लेफ्ट का राइट हो जाएगा."

"इसको क्यों समझाते हो?" इकबाल म्हणाले. "इसकी तो नौकरी जा रही है."

शेवटी घेतला तो तारेचा, मध्यम रुंदीचा, आरशासारखं दाखवणारा. बसवण्यासकट साडेचारशे दिरहॅम. म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर, मी मोठ्यांदा हिशेब केला आणि दुकानदाराने पंचवीस दिरहॅम सोडले. घेणाऱ्यांना एकच सल्ला: जोडणी अशी मागा की गाडी पुढे जातानाही कॅमेरा चालू राहील. का, ते सांगते.

शनिवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर निघालो. पंपावर करक चहा, सोबत घरची तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. हमीमच्या रस्त्याला लागलो आणि माझी जीभ, जिला सहसा सुट्टी नसते, बंद पडली. शहर संपतं, मग विजेचे खांब विरळ होतात, मग फक्त वाळू. आधी पांढरट, मग पिवळी, मग चक्क भाजक्या विटेची. समोरच्या काचेत रस्ता आमच्याकडे येत होता आणि डॅशबोर्डवरच्या सात इंची पडद्यात तोच रस्ता आमच्यापासून निघून जात होता. उगवता सूर्य कुठल्या वळणाला काचेत, कुठल्या वळणाला पडद्यात. नऊ वर्षं या देशात ट्रेलर ओढला आणि मागे काय राहतं ते कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या चाकांनी उडालेली वाळू क्षणभर सोनेरी व्हायची आणि पुन्हा बसायची, जणू आम्ही तिथून गेलोच नाही.

हमीमला टाकी भरून घ्या, पुढे भरवसा नको. लिवाच्या खजुरीच्या बागा ओलांडून मोरीबला पोहोचलो तेव्हा दुपार होती. मोरीब म्हणजे वाळूची टेकडी, असं मी कुठेतरी वाचलं होतं. लिहिणाऱ्याला शिक्षा व्हावी. ती टेकडी नाही. ते आभाळाला टेकवलेलं काहीतरी आहे, आणि त्याच्या उतारावर चढणारी माणसं तिळाएवढी.

जागा मिळाली ती एका अरब कुटुंबाचा तंबू आणि काँक्रीटचा ठोकळा यांच्या मधली. इकबालनी चाकांमागे लाकडं लावली. "कॅमेऱ्याचा कोन बघतो. तू बस, ब्रेक दाबून रिव्हर्स टाक."

ट्रेलर जोडलेल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसले. पडदा काळा. धक्क्यांनी तार निसटली असणार. मी डाव्या आरशात पाहिलं: ट्रेलरची कड आणि वाळू. उजव्या आरशात: ट्रेलरची कड आणि वाळू.

"कुठे गेलात?" मी खिडकीतून ओरडले.

"अगं, हा काय, मागेच आहे! मधोमध!"

"दिसत नाही!"

मग मागून आवाज आला, "एवढा मोठा माणूस दिसत नाही?"

ते हसत होते. मला हसता आलं नाही. हत्ताला मी नेमकी तिथेच उभी होते. मधोमध, दोन्ही हात हलवत, ट्राफिक पोलिसाच्या तोऱ्यात.

इकबाल पुढे आले, तार घट्ट बसवली, पुन्हा मागे गेले. पडदा उजळला. त्यात पोट सुटलेला, टोपी घातलेला एक छोटा माणूस हात हलवत होता आणि त्याच्या डोक्यावरून मोरीब चढत चढत पडद्याबाहेर गेला होता. एवढ्या मोठ्या जगात मला एकदम तो एकटाच दिसत होता.

"दिसतोय का?"

"दिसताय," मी म्हटलं.

मग लाकडं काढून ते चालवायला बसले, मी शेजारी. एक शब्द बोलले नाही, हे सोपं नव्हतं. पडद्यावर नजर ठेवून, मान न वळवता, तंबूची दोरी आणि ठोकळा दोन्ही राखून त्यांनी ट्रेलर एका दमात आत घेतला. तंबूतले म्हातारे अरब, जे मघापासून आपली दोरी तुटायची वाट बघत बसले असावेत, म्हणाले, "माशाल्ला!" आणि गहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, दोन पेले पाठवले. इकबालनी तो गहवा ज्या ऐटीत घेतला, ती ऐट मी वर्षभर पाहिली नव्हती.

रविवारी संध्याकाळी घरी. मगरिबनंतर बाल्कनीतून त्यांचा आवाज येत होता. अल ऐनच्या माणसाला फोनवर सांगत होते, "नहीं हबीबी, अब बेचने का नहीं."

मी लॅपटॉप उघडला. हत्ताची पोस्ट काढली. "बघूनही" हा शब्द पुसला आणि खाली एक ओळ घातली: मी उभी होते तिथून मी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मग ते आत यायच्या आधी लॅपटॉप मिटला.