भाजलेली तार

माझं देऊळ त्यांनी माझ्यादेखत विस्तवावर ठेवलं.

गिरगावातल्या रावसाहेबांच्या मागच्या अंगणात गोवऱ्या रचल्या होत्या. देऊळ तारेचं, गुडघाभर उंचीचं. गड्याने ते दोन काठ्यांवर उचललं, हात लागू न देता, आणि जाळावर बसवलं. मला विहिरीपासून लांब, कुंपणापाशी उभं केलं होतं.

रावसाहेब म्हणाले, "धातू आहे म्हणून बरं. अग्नीनं शुद्ध होतं. मातीचं असतं तर फोडावंच लागलं असतं."

तार लाल झाली की मऊ पडते. जी तार वाकत नसे ती मी स्वतः चुलीत घालत असे. एवढं सांगायचं होतं. पण विचारल्याशिवाय बोलायची सोय नव्हती. पोटऱ्या थरथरत होत्या आणि लुगड्यामुळे त्या कोणाला दिसत नाहीत, एवढंच मला बरं वाटत होतं.

मी तेव्हा परळच्या एका गिरणीत झाडू मारत असे. नवरा वारला होता. घरात मी आणि सासू. ती अंथरुणाला खिळलेली. गिरणीमागच्या उकिरड्यावर खोक्यांची तार पडलेली असे, मोडक्या छत्र्यांच्या काड्या असत, बाटल्यांच्या बुचांवरची बारीक तार असे. ते मी गोळा करी. हत्यारं म्हणजे एक झिजलेली पक्कड, एक खिळा आणि दगड. सासूला रस्ता दिसत नाही म्हणून तिला घोड्यांसकट ट्रामगाडी करून दिली. तिने चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाली, "घोडं लई रोडावलंय गं. चारा घालत न्हाईस का?"

मग मी गलबत केलं. ते वरळीच्या कोळीवाड्यातल्या जानकीने पाहिलं. जानकी सकाळी गिरगावात घरोघर मासे विकी आणि दुपारी आमच्या गिरणीच्या दारात बसे. रावसाहेबांकडे तिचं जाणंयेणं होतं. गणपतीच्या मखराऐवजी यंदा काही नवं हवं, असं तिथल्या बाई म्हणत होत्या. जानकीने परस्पर ठरवून टाकलं.

"मी बोलले, परलचा कारागीर हाय, तारेचा देऊल करतो. बाई हाय का बाप्या, कोन इचारतंय!"

"जात विचारतील."

"मी सांगलीच नाय. तू कशाला सांगतंस?"

मी भ्याले. तरी हो म्हटलं. चार लोकांनी माझं काम पाहावं असं मला वाटत होतं.

गिरणीच्या वाटेवर एक देऊळ होतं. त्याच्या भिंतीला हात लावायची आम्हाला सोय नव्हती. सावली मात्र रस्त्यावर पडायची. काठीची सावली काठीएवढी झाली की देवळाचीही त्याच्या उंचीएवढी होते; तेव्हा मी ती हातांनी मोजून घेई. देवळाच्या एका हाताला माझं एक बोट, असं माप धरलं. कळस, खांब, पायऱ्या, सगळं त्या मापात. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून आत मोकळं ठेवलं. तिथे त्यांचा गणपती बसणार होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी जानकी पुढे आणि मी मागे, अशा आम्ही गेलो. बाईंनी कळसावर हात ठेवला. "अगं बाई, तू केलंस? किती सुरेख! राहतेस कुठं?"

"परळला. तळ्यामागच्या खोपटांच्या ओळीत."

झोपाळ्यावरचे रावसाहेब थांबले. "ती आपली जागा. त्या ओळीत सगळे महार आहेत."

बाईंनी हात काढून घेतला. चटका बसावा तसा.

रावसाहेबांना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. जागेचं भाडं वसूल करणारा त्यांचा भय्या मला ठाऊक होता. तो आला की काठीने दारं ठोकी आणि आमची ओळ श्वास धरून बसे. ज्या जमिनीवर माझी सासू झोपली होती ती या माणसाची होती. मला हे माहीत असतं तर मी आलेच नसते. जानकीलाही माहीत नव्हतं. ती पडवीच्या खांबामागे सरकली होती.

जाळावर आधी कळस कलला. मग बुचांच्या तारेच्या गाठी सुटल्या. खांब गुडघ्यात वाकले आणि सगळं देऊळ निखाऱ्यांवर बसलं.

बाई किंचाळल्या, "उद्या गणपती यायचे! हा अपशकुन कोणी आणला घरात?"

रावसाहेब माझ्याकडे वळले. "कच्ची तार वापरलीस. आता गोठ्यात बस आणि संध्याकाळच्या आत उभं कर."

मी त्या घरात पहिल्यांदा आपणहून बोलले. "मी हात लावला की पुन्हा भाजावं लागेल ना?"

"छे, छे. आता गोमूत्र शिंपडलं की भागेल."

किती सहज म्हणाले. शिंपडून भागत होतं. मग मघाशीही भागलं असतं. शास्त्र त्यांच्या हातात होतं आणि ते हवं तिथे वाकत होतं, माझ्या तारेपेक्षाही मऊ. आजवर मला वाटे की हा नियम आहे, भिंतीसारखा, त्यांनाही मोडता येत नाही. तो नियम नव्हताच. त्यांची मर्जी होती.

"नाही करणार," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला.

"काय?"

"करणार नाही. माझी तार मी नेते."

"जागा कोणाची आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

मी काठीने तार राखेतून ओढली, गार होईपर्यंत तिथेच उभी राहिले आणि पदरात बांधली. मला कोणी अडवलं नाही. अडवायला हात लावावा लागला असता.

रस्त्यावर जानकीने मला गाठलं. "आमची मासली नुसती धुऊन घेतात गो. तुजा लोखंड पन भाजला." मग हळू आवाजात म्हणाली, "आता तुजा घर?"

मी चालत राहिले. घरी जाऊन दाराला आडणा लावला. काठीचा आवाज आला की उठून बसे. सासूला काही सांगितलं नाही. गणपती बोळवले आणि भय्या माणसं घेऊन आला. भर पावसात आमचं छप्पर उतरवलं. सासू मडक्यांशेजारी गोधडी पांघरून भिजत बसली होती. शेजाऱ्यांच्या दारांच्या फटींतून डोळे दिसत होते. त्यांचीही घरं त्याच जमिनीवर होती. मी त्यांना दोष देत नाही.

शिवेकडे, पाणथळीच्या कडेला, कोणाला नको असलेल्या जागी आम्ही नवं खोपटं घातलं. त्याचे बांबू मी देवळाच्या तारेने बांधले. भाजलेली तार बांधायला चांगली. हवी तशी वळते आणि सुटत नाही.

मी अजून भिते. चांगले कपडे घातलेला माणूस दारात उभा राहिला की पोटऱ्या थरथरतात. थरथरू देत. माझ्या हातचं काम ज्याला हवं, त्याने ते माझ्या हातातून हातात घ्यावं. विस्तव नाही, गोमूत्र नाही, काठी नाही. तसं घेणार नसेल तर त्याला मी नाही म्हणते. भीत भीत म्हणते, पण नाहीच म्हणते.