चिठ्ठीत निघालेला रूममेट

हॉस्टेलचा वॉर्डन झालेल्या माणसाकडे किस्से साचत जातात, आणि ते हसत हसत सांगायची रीत आहे. चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं तिथलं हॉस्टेलही सांभाळलं. माझे किस्से सांगताना मला अजून राग येतो. नेमका कोणावर, ते ठरवता आलेलं नाही.

*

पहिल्या वर्षी पोरांना म्हटलं, रूममेट तुम्हीच निवडा. लोकशाही! अर्ध्या तासात यादी तयार, एकही भांडण नाही. मी खूश. मेसच्या शांताबाई चहा घेऊन आल्या, भिंतीवरची यादी वाचली आणि म्हणाल्या, "सर, हा तं गावच मांडला जी तुमी. मोठ्या घरचे समोर, आमची पोरं संडासाकडे, अन् जंगलातली त्याच्याई मांगं."

पीएच.डी. माझ्याकडे होती. यादी वाचता आली ती त्यांना.

*

दुसऱ्या वर्षापासून चिठ्ठ्या. मेसच्या पातेल्यात सगळ्यांची नावं टाकायची, शांताबाईंनी दोन-दोन काढायच्या, निघेल ती जोडी. फक्त पहिलं नाव, आडनाव नाही.

लगेच सिंदेवाहीचे एक गृहस्थ आले. मुलाचा रूममेट कोण? मी सांगितलं, राहुल. राहुल काय? राहुलच. मग त्याचं गाव, गावात घर कोणत्या बाजूला, घरी देव कोणते, सगळं विचारून झालं. शेवटी म्हणाले, "आमी जातपात मानत नाई सर. पण पोराचं पोट नाजूक आहे."

पोटाचा आणि रूममेटचा काय संबंध, म्हणून मी ओरडलो. तेव्हा कुठे त्यांनी टेबलावरची माझ्या आडनावाची पाटी वाचली आणि समोरचा चहा न घेताच उठले.

*

कुरखेड्याच्या दोन मित्रांनी तर कमाल केली. एकत्र निघाव्यात म्हणून आपल्या चिठ्ठ्या त्यांनी भाताच्या शितानं चिकटवल्या! शांताबाईंनी पातेल्यात हात घातला आणि तिथल्या तिथे त्या सोडवल्या. "जिंदगी भात रांधण्यात गेली माही. शितं मले शिकवता का रे?"

*

मग आले प्रशांतचे वडील. शाळामास्तर, माझ्यासारखेच बौद्ध घरातले. प्रशांतबरोबर चिठ्ठीत भामरागडचा चैतू निघाला होता. त्याच्या घरी माडिया ही आदिवासी बोली बोलतात, मराठी तो जपून बोलायचा. मास्तरांचं म्हणणं, त्याला भाषा धड येत नाही, आपल्या पोराचा अभ्यास बुडेल. "बाकीच्यायचं सोडा सर. आपल्या पोरांकडे आपण नाई पाहिलं तं कोण पाहीन?"

सिंदेवाहीवाल्यावर मी ओरडलो होतो. इथे चष्मा पुसत बसलो. आणि चैतूला कोपऱ्यातली एकट्याची खोली दिली. वर त्याला सांगितलं, एकट्याची खोली म्हणजे मजाच की!

पेटी उचलताना तो म्हणाला, "माझं काही चुकलं का सर?"

मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

*

पंधरा दिवसांनी प्रशांत आपली गादी डोक्यावर घेऊन चैतूच्या खोलीत राहायला गेला. ना विचारणं, ना परवानगी. मी भडकलो. याच्यावर भडकायला मात्र मला जमलं! ऑफिसात बोलावून खोलीबदलाचा अर्ज पुढ्यात टाकला. वडिलांना काय सांगणार, विचारलं. "त्यायले मी सांगतो सर, तुमी नका घाबरू," म्हणाला.

संध्याकाळी अर्ज भरून आला. 'बदलाचे कारण' या रकान्यात प्रशांतने लिहिलं होतं, चिठ्ठीत हेच नाव निघालं होतं. खाली 'रूममेटची संमती' हा रकाना. तिथे चैतूची सही, आणि सहीच्या वर सुवाच्य अक्षरात दोन वाक्यं:

"संमती आहे. मागच्या वेळी हा कागद मला दिला नव्हता."