बिनकाट्याचा मासा

भिलाईत पोलादाचा प्लांट बांधून राह्यले होते. माहा नवरा भट्टीच्या कामावर. नव्या क्वार्टरात पोरगी झाली आन् मले दूधच पुरेना. पोरगी रडे, तिच्यासंगं मी बी रडो. सासू भंडाऱ्याहून आली, पोरीचे हातपाय दाबून पाह्यले न म्हणाली, "हप्त्याभरात हिले मी गावाले नेतो. तिथं गाय तं आहे. तू राय इथं भाकरी थापत." नेलेलं लेकरू मंग मले माय म्हणन का?

शेजारची अक्का आंध्राची, समुद्राकाठची. मले चेल्ली म्हणे, म्हणजे लहान बहीण. तिले सांगतलं. तिचा भाऊ विशाखापट्टणमहून बर्फात मासे आणे, त्यातला एक आख्खा घेऊन आली.

"ये खा, चेल्ली. हमारे उधर सब बच्चेवाली खाती, दूध आता."

मी तं पाहूनच घाबरली. आमी तलावाचे मासे खाणारे. हा राखाडी, हातभर लांब, आन् तोंड पोटाच्या अंगाले. अक्का म्हणे, हा काठाजवळ तळाशीच फिरते, खालचे खेकडे-झिंगे वेचते, म्हून तोंड खाली.

सासू म्हणाली, "मासा आहे का साप?"

मी राख लावून विळ्यानं खवले काढाले बसली. खवलेच नाही. उलटा हात फिरवला तं तळहात सोलला, नवऱ्याच्या लोखंड घासाच्या रेगमालावानी कातडी. अक्का हासून हासून खाली बसली. "अरे, गरम पानी डालो." उकळतं पाणी टाकलं तशी ती रेतीवानी खरबरीत साल निघाली. शिजवून कुस्करला तं एक काटा नाही, मधोमध नुसतं मऊ, चावता येईन असं हाड. लसूण, मिरे, हळद घालून परतला.

सासू नाकाले पदर लावून दारात उभी. मले भेव वाटत होतं, पोरीले बाधन का. सासूकडं पाहत पाहतच ताट साफ केलं. दुसऱ्या दिवशी बी खाल्लं, तिसऱ्या दिवशी बी. मंग एका दुपारी पोरगी पिता पिताच झोपली, ओठावर दूध तसंच. सासूनं वाकून पाह्यलं. पदरानं तिचे ओठ पुसले.

सासू गावाले एकटीच गेली. रिक्षात बसतानी म्हणे, "त्या माशाचं नाव विचारून ठेव. गावात सांगाले लागन."

आता आमच्या क्वार्टरांच्या सेक्टरात कोणी बाळंत झाली का अक्का मासा सोलाले मलेच बोलावते. पोरगी एवढी जड झाली का बाळंतिणीच्या दारापर्यंत जाता जाता मले दोनदा कमरेची कड बदलावी लागते.